अंडर-१७ वर्ल्ड कप: नावं बघायला जाऊ नका, मॅच बघायला जा

आधीच सांगून टाकतो, ज्यांना एवढं लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांनी इथूनच सटकलं तरी चालेल. फुटबॉलचा अंडर-१७ वर्ल्ड कप शंभर टक्के पैसा वसूल आहे, पण उद्याचे स्टार आजच बघून ठेवू आणि दहा वर्षांनी कॉलर ताठ करून सांगू या हिशोबाने बघणार असाल तर फसाल. मी २०१७ ला आपल्याकडे झाला तेव्हा नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जाऊन बघितला, बाकी ठिकाणच्या मॅच टीव्हीवर, आणि त्यानंतरचे पण जमेल तसे फॉलो केले, आणि आता तर ही स्पर्धा दरवर्षी व्हायला लागलीय त्यामुळे "त्यात बघण्यासारखं काय असतं रे, पोरंसोरं तर खेळतात" हे ऐकावं लागतंच. म्हणून हा रिव्ह्यू.

२०१७ चा वर्ल्ड कप ६ ते २८ ऑक्टोबर असा होता. दिल्ली, गोवा, कोची, गुवाहाटी, कोलकाता आणि नवी मुंबई अशी सहा ठिकाणं, २४ टीम. डी. वाय. पाटीलच्या वाट्याला आलेला ग्रुप बघून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. न्यूझीलंड, तुर्की, पराग्वे, माली. ब्राझील आणि स्पेन कोचीला, इंग्लंड कोलकात्याला, जर्मनी गोव्याला, आणि आपल्याला काय तर न्यूझीलंड-तुर्की! पण एका तिकिटात दोन मॅच होत्या, पाचला एक आणि आठला दुसरी, आणि पहिल्याच दिवशी आठची पराग्वे-माली जी झाली तिने नाक मुरडणाऱ्यांची बोलती बंद केली. पराग्वे बघता बघता २-० पुढे, सगळ्यांना वाटलं झालं, मालीचा बाजार उठला, तर हाफ टाईमच्या आत मालीने दोन्ही गोल फेडले, आणि मग ब्रेकनंतर मिळालेल्या पेनल्टीवर गोल करून पराग्वेने ३-२ ने मारली. दोन्हीपैकी एकाही टीममधल्या एकाही पोराचं नाव आत शिरताना माहीत नव्हतं आणि बाहेर पडताना लोक जिन्यावर जर्सी नंबर सांगून भांडत होते.

हेच तर या स्पर्धेचं आहे. मोठ्यांचं फुटबॉल आता इतकं घोटून बसवलेलं असतं की २-० झालं की पुढची चाळीस मिनिटं बॉल इकडून तिकडे. इथे २-० म्हणजे काहीच नाही. त्या स्पर्धेत ५२ मॅचमध्ये १८३ गोल झाले, म्हणजे मॅचला साडेतीन, आणि पुढच्याच वर्षी रशियात मोठ्यांच्या वर्ल्ड कपमध्ये ६४ मॅचमध्ये १६९. आता गोल जास्त म्हणजे फुटबॉल चांगलं असं नाही, हे मला पण कळतं, यातले कित्येक गोल डिफेन्सने केलेल्या माती खाण्यातून आले. पण ती माती का खाल्ली जाते हे बघण्यात खरी मजा आहे. ही पोरं वर्षभर आपापल्या क्लबात किंवा अकादमीत असतात, नॅशनल टीम म्हणून एकत्र येतात ती थोड्या थोड्या दिवसांसाठी, त्यामुळे मागची चौघांची लाईन एकमेकांना डोळ्यांनी ओळखणारी नसते. पहिली साठ-पासष्ट मिनिटं कोचने सांगितलंय तसं चालतं. मग ऑक्टोबरचा दमटपणा, पाय जड, एखादा फुलबॅक (कडेचा डिफेंडर) वर गेला की परत येताना चालत येतो, मधे हे एवढं मोठं भगदाड, आणि तिथून मॅच कोचच्या हातातून निसटते. मला विचाराल तर सत्तराव्या मिनिटानंतरचा अंडर-१७ चा फुटबॉल हा जगातला सगळ्यात खरा फुटबॉल आहे. त्यात कुणी टाईमपास करायला जमिनीवर लोळत पण नाही फारसं, अजून शिकलेले नसतात.

फायनलच घ्या ना. कोलकात्याच्या सॉल्ट लेकला इंग्लंड-स्पेन, ६६ हजारांच्या वर पब्लिक. याच दोन टीम त्याच वर्षी मे महिन्यात युरोपच्या अंडर-१७ फायनलला भिडल्या होत्या आणि स्पेनने पेनल्टी शूटआऊटमध्ये काढली होती, त्यामुळे हिशोब बाकी होता. स्पेनच्या सर्जियो गोमेझने एकतीस मिनिटात दोन मारले. २-० स्पेन, आणि स्पेन बॉल फिरवायला लागलं की भल्याभल्यांना मिळत नाही. इथे मोठ्यांची टीम असती तर ब्रेकला तीन बदल, मिडफिल्डमध्ये गर्दी, वगैरे. इंग्लंडच्या पोरांनी काय केलं, ते अजून वर चढले. ब्रेकच्या आधी ब्रूस्टरने हेडरने एक काढला, मग गिब्ज-व्हाईट, मग फोडेन, मग ग्वेही, परत फोडेन. ५-२! दोन गोल खाल्ल्यावर पाच मारले वर्ल्ड कप फायनलमध्ये. टीव्हीवर बघताना घरातले फुटबॉल न बघणारे पण येऊन बसले होते शेवटच्या वीस मिनिटांना.

आता स्टारच्या भानगडीवर येतो, कारण सगळ्यात जास्त मार्केटिंग याचंच होतं. "भविष्यातले सुपरस्टार तुमच्या शहरात" असं काहीतरी सतत चालू असतं. बरं, खोटं आहे का, तर अगदीच नाही. इंग्लंडचा फोडेन इथूनच गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, घेऊन गेला आणि पुढे मँचेस्टर सिटीबरोबर सगळं जिंकला. २००७ चा गोल्डन बॉल टोनी क्रूसचा, २००३ चा सेस्क फाब्रेगासचा. पण मग २००९ ला नायजेरियात गोल्डन बॉल कुणाला मिळाला होता आठवतंय का? सानी इमॅन्युएल. आता पुढे काय झालं त्याचं म्हणून शोधायला गेलात तर फार काही हाती लागणार नाही. २०१५ ला नायजेरियाच्याच न्वाकालीला गोल्डन बॉल मिळाला आणि त्याच टीमचा दहा गोल मारणारा ओसिमेन हा खरा मोठा निघाला. आपल्या २०१७ च्या स्पर्धेत तर ज्याच्यावर सगळे फिदा होते तो होता ब्रूस्टर, क्वार्टर फायनलला अमेरिकेविरुद्ध हॅटट्रिक, सेमीला ब्राझीलविरुद्ध हॅटट्रिक, एकूण आठ गोल, सगळ्यात जास्त गोलांचा गोल्डन बूट. आमच्या ग्रुपवर सगळे म्हणत होते हा लिव्हरपूलला पुढची दहा वर्षं खेळणार. दुखापती आल्या, लिव्हरपूलच्या पहिल्या टीममध्ये बस्तान बसलंच नाही, शेफिल्ड युनायटेडला गेला. आणि त्या फायनलला वर येऊन चौथा गोल मारणारा सेंटर बॅक (मधला डिफेंडर) ग्वेही, ज्याच्याबद्दल तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, तो क्रिस्टल पॅलेसचा कॅप्टन झाला आणि २०२५ ला इंग्लंडचा एफए कप उचलला. हे मला तरी कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि कोणी सांगूही शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही तिकीट काढता ते येतातच असं नाही. ही स्पर्धा अशी आहे की क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे अशी सक्ती नाही. व्हिनिसियस ज्युनियर तेव्हा फ्लामेंगोला होता, ब्राझीलच्या टीममध्ये नाव आलेलं, क्लबने सोडला नाही, आलाच नाही. सँचो आला, ग्रुप स्टेज खेळला, गोल मारले, आणि नॉकआऊट सुरू व्हायच्या आत डॉर्टमुंडने परत बोलावून घेतला. मेस्सी तर अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेलाच नाही. म्हणून म्हटलं नावांवर जाऊ नका.

वयाबद्दल एक जरा सविस्तर, कारण स्टँडमध्ये दर दोन मिनिटाला मागून कुणीतरी "हा सतराचा? याला दोन पोरं असतील घरी" असलं ओरडत असतो. २००९ पासून फिफा या स्पर्धेसाठी मनगटाचा एमआरआय करते. मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाला जी वाढीची पट्टी असते ती पूर्ण जुळून आली असेल तर पोरगं जवळपास नक्कीच सतराच्या वर गेलेलं असतं, असा तो प्रकार आहे. म्हणजे जन्मदाखल्यावर सगळं अवलंबून नाही. मग काही जण एवढे धिप्पाड आणि काही जण दहावीतले कसे दिसतात? तर त्याला कट-ऑफ कारण आहे. २०१७ साठी नियम होता १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेला. म्हणजे जानेवारी २००० वाला सतरा पूर्ण होऊन नऊ महिने झालेला, आणि त्याच्या समोर एखादा २००१ च्या मध्यातला. या वयात वर्ष-दीड वर्षाचा फरक म्हणजे खांद्याची रुंदीच बदलते हो. स्पेनचा आबेल रुइझ जानेवारी २००० चा, फेरान टोरेस तर २९ फेब्रुवारी २००० चा, सँचो मार्चचा, ब्रूस्टर एप्रिलचा, फोडेन मेचा. लक्षात आलं ना काय म्हणतोय ते. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं लहानपणापासून सिलेक्शनमध्ये पुढे राहतात, हे सगळ्या देशात दिसतं. पुढच्या वेळी टीमची यादी हाती आली की जन्मतारखेचा कॉलम आधी बघा, मॅच वेगळीच दिसायला लागते.

आणि आपल्या भारताच्या टीमचा जॅक्सन सिंग २१ जून २००१ चा. म्हणजे समोरच्या काही पोरांपेक्षा जवळपास दीड वर्षाने लहान.

भारताबद्दल लिहिलं नाही तर मार खाईन. यजमान म्हणून थेट एंट्री होती, आणि ग्रुपमध्ये अमेरिका, कोलंबिया, घाना. अमेरिकेकडून ०-३, घानाकडून ०-४. कागदावर बघितलं तर तीन मॅच, तीन हार, एक गोल, नऊ खाल्ले. पण दुसरी मॅच, ९ ऑक्टोबर, दिल्ली, कोलंबिया, ती मॅच ज्याने लाईव्ह बघितली तो कागदावरचं बोलणारच नाही. पहिल्या हाफमध्ये राहुलचा शॉट पोस्टला लागून परत आला. धीरजने गोलमध्ये काय काय काढलं. ४९ व्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोझाने मारला, ०-१, तरी आपली पोरं ढेपाळली नाहीत. मग ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर, जॅक्सन सगळ्यांच्या वर उडाला आणि हेडर आत. फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, कुठल्याही वयोगटातला! नाचायला सुरुवात केली, कॅमेरा अजून स्टँडमधल्या रडणाऱ्या माणसांवर फिरतोय, आणि तिकडे पुढच्याच मिनिटाला पेन्यालोझाने परत मारला. १-२. मी तर रिप्ले समजलो होतो. आपली अख्खी टीम अजून गोलच्या धुंदीत, कुणीच मागे जागेवर नव्हतं, सेंटर झाला आणि चार पासात बॉल आत. यात शिव्या देण्यासारखं काही नाही, मोठ्या स्टेजवर गोल मारल्यावर पुढची दोन मिनिटं डोकं थंड कसं ठेवायचं हे तिथे खेळूनच कळतं आणि ही पोरं पहिल्यांदाच तिथे होती.

त्या टीममधले एकवीसपैकी आठ जण मणिपूरचे होते, कॅप्टन अमरजीत पण तिथलाच, जॅक्सनचा चुलत भाऊ. आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला. कोल्हापूरला फुटबॉल किती डोक्यात गेलेलं आहे ते पेठांमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको, पण मुंबईतल्या बऱ्याच जणांना त्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा कळलं की महाराष्ट्रात मुंबईबाहेर पण हा खेळ आहे. सप्टेंबरमध्ये सरकारने 'मिशन वन मिलियन' करून शाळाशाळांत बॉल वाटले होते ना, त्यातले किती बॉल अजून हवा भरलेले असतील देव जाणे. सॉरी, विषय भरकटला.

परत स्टेडियमवर. डी. वाय. पाटील मूळ क्रिकेटसाठी बांधलेलं, त्यामुळे अंडाकृती, आणि फुटबॉलचं मैदान मधे ठेवलं की गोलच्या मागच्या बाजूला बसणाऱ्याला समोरचा गोल जरा लांबच पडतो. पण वरचं छप्पर खांबांशिवाय आहे, त्यामुळे डोळ्यापुढे काही आडवं येत नाही, आणि हाफ लाईनच्या बाजूला जरा वर बसलात तर टीमचा सगळा आकार दिसतो, कोण सरकलं, कोण राहिलं. टीव्हीवर हे कधीच दिसत नाही, टीव्ही बॉलमागे पळतो. माझं ऐका, कुठल्याही युथ मॅचला गेलात तर खाली पुढे बसायचा हट्ट करू नका. (परतताना कॅबवाल्यांनी जे दर लावले होते त्यावर वेगळा रिव्ह्यू होईल, हार्बर लाईन जिंदाबाद.)

सेमी फायनल २५ ऑक्टोबरला इथेच झाली, स्पेन-माली. आबेल रुइझने पेनल्टीवर एक मारला, ब्रेकच्या तोंडावर दुसरा. २-०. आणि मग तासाभराच्या आसपास मालीच्या शेख डुकुरेने लांबून जो हाणला... बॉल बारच्या खालच्या बाजूला आपटला, खाली पडला, बाहेर आला. आमच्या बाजूने अख्खा स्टँड उभा राहिला कारण बॉल आत पडलेला दिसला होता. रेफ्रीने खेळ चालू ठेवला. डुकुरे दोन्ही हात पसरून लाईन्समनकडे बघत उभा, बाकीचे मालीचे रेफ्रीमागे. नंतर रिप्लेमध्ये स्वच्छ दिसलं, बॉल पूर्ण लाईनच्या आत पडला होता. त्या स्पर्धेत व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफ्री) नव्हता, बॉल लाईनच्या आत गेला का हे सांगणारी गोल लाईन टेक्नॉलॉजी पण नव्हती. तो दिला असता तर २-१ आणि अर्धा तास बाकी, आणि मालीच्या पोरांचा दम बघता काहीही झालं असतं. त्याऐवजी फेरान टोरेसने तिसरा मारला, मालीने एक फेडला, ३-१ स्पेन. वर्ल्ड कपची सेमी आहे, पोरांनी इथपर्यंत यायला काय काय केलं असेल, आणि तुम्ही त्यांना मोठ्यांपेक्षा हलकं सामान देता, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही नाही. इथे मार्क कापणार म्हणजे कापणार. २०२२ ला मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप आपल्याकडे झाला तेव्हा व्हीएआर आला, आणि २०२४ ला मुलींच्या युथ वर्ल्ड कपमध्ये एक नवीन प्रकार ट्राय केला की कोचने हाताने खूण करून चौथ्या रेफ्रीला कार्ड द्यायचं आणि रिव्ह्यू मागायचा, मॅचमध्ये दोन संधी, बरोबर निघालात तर संधी शाबूत. क्रिकेटच्या डीआरएससारखंच, आपल्याला समजवायला नको. कमी कॅमेऱ्यांत भागतं त्यामुळे अशा स्पर्धांना हे योग्य वाटतं मला.

नॉकआऊटला बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाईम नाही, डायरेक्ट पेनल्टी शूटआऊट. हे मला आवडतं. या वयात आधीच पाय गेलेले असतात, अजून अर्धा तास पळवून काय मिळणार. २०१७ ला पेनल्टीचा क्रम पण वेगळा होता, एकाने एक, मग दुसऱ्याने लागोपाठ दोन, मग पहिल्याने दोन असं. इंग्लंड-जपानची मॅच ०-० राहून अशीच सुटली होती. स्कोअर कुठे चाललाय हे समजायला शेजारच्याला विचारावं लागायचं. तो प्रकार नंतर बंदच पडला, बरं झालं.

आयोजनाला एकूण चांगले मार्क द्यावे लागतील. १३ लाख ४७ हजारांवर प्रेक्षक आले, १९८५ ला चीनमध्ये पहिली स्पर्धा झाली होती तेव्हाचा रेकॉर्ड मोडला. (तेव्हा ती अंडर-१६ होती, अंडर-१७ झाली १९९१ पासून.) ज्या देशात दुपारच्या लीग मॅचला पेपरवाले पण जात नाहीत तिथे नायजर-घानाला लोक येऊन बसले होते, आणि डी. वाय. पाटीलच्या पब्लिकने मालीला तर असं दत्तक घेतलं होतं की विचारू नका. गडबड झाली ती गुवाहाटीला. पावसाने पिचची वाट लागली, क्वार्टर फायनल घाना-माली तर चिखलात झाली, आणि तिथली ब्राझील-इंग्लंड सेमी ऐनवेळी कोलकात्याला हलवली. कोलकातावाल्यांची चांदी, तिकिटांवर उड्या पडल्या, आणि आसाममध्ये ज्यांनी महिनोन् महिने वाट बघितली त्यांच्या हाती पैसे परत. फिफाने केलं ते खेळाडूंच्या दृष्टीने बरोबरच, पण ऑक्टोबरात तिकडे पाऊस असतो हे कुणाला माहीत नव्हतं का?

मुलींच्या २०२२ बद्दल थोडक्यात, कारण त्यावर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे. भारताचं सगळं भुवनेश्वरला झालं आणि बघवत नव्हतं, अमेरिका ०-८, मोरोक्को ०-३, ब्राझील ०-५. स्पर्धेच्या दोन महिने आधी फिफाने आपल्या फेडरेशनला सस्पेंड केलं होतं, अकरा दिवसांत उठवलं, नाहीतर स्पर्धाच गेली असती हातातून. पण फायनल परत नेरुळला, स्पेन-कोलंबिया, स्वयंगोलने १-० स्पेन. आणि तिथे लिंडा काइसेदोला डाव्या बाजूने पळताना बघितलं. तिने त्या एकाच वर्षात कोलंबियाच्या सीनियर टीमकडून कोपा अमेरिका, मग अंडर-२० वर्ल्ड कप, मग हा अंडर-१७ असं सगळं खेळलं होतं. नावं बघायला जाऊ नका म्हटलं, ते अजूनही म्हणतोच, पण काही नावं स्वतःहून समोर येतात त्याला काय करणार. बॉल तिच्याकडे गेला की आजूबाजूचे सगळे मोबाईल खिशात.

आता नवीन फॉरमॅट. २०२५ पासून मुलांचा वर्ल्ड कप दरवर्षी, २०२९ पर्यंत कतारलाच, आणि २४ च्या जागी ४८ टीम. १०४ मॅच! पहिल्या वेळी पोर्तुगालने ऑस्ट्रियाला १-० हरवून पहिल्यांदाच कप नेला. दरवर्षी करण्याचा एक फायदा खरा आहे. आधी दोन वर्षांतून एकदा असल्यामुळे चुकीच्या वर्षी जन्मलेली पिढीच्या पिढी वगळली जायची, आणि २०२१ चा तर कोरोनामुळे रद्दच झाला होता, त्या पोरांना काहीच मिळालं नाही. आता प्रत्येक बॅचला संधी आहे. पण बघणाऱ्याच्या बाजूने बोलायचं तर ४८ पैकी ३२ पुढे जाणार म्हटल्यावर ग्रुपमधल्या मॅचची धार बोथट झालीय. एक जिंकलात की जवळपास पुढे. आणि सगळं एकाच ठिकाणी, दोह्यातल्या ॲस्पायर क्रीडा संकुलाच्या शेजारशेजारच्या मैदानांवर, एकाच वेळी दोन-तीन मॅच. पोरांना प्रवासाचा त्रास नाही हे उत्तमच, पण कोलकात्याचं ६६ हजारांचं पब्लिक आणि बाजूच्या मैदानावरचे पालक आणि एजंट यांच्यापुढे खेळणं यात फरक पडतोच ना राव. मॅच तेवढीच चांगली असते, आवाज नसतो.

तरी बघाच. कतार आपल्या अडीच तास मागे आहे, त्यामुळे मॅच आपल्याला संध्याकाळी-रात्री बघता येतात, पहाटेचा गजर लावायची गरज नाही. ग्रुपच्या पहिल्या मॅच सोडून दिल्यात तरी चालेल, पोरं घाबरलेली असतात, दुसऱ्या राऊंडपासून खुलतात. मोठ्या नावाच्या देशांमागे लागू नका, २०१७ ला इराणने जर्मनीला ४-० धुतलं होतं गोव्यात, त्यामुळे एखादी आफ्रिकन टीम आणि एखादी आशियातली टीम पकडा आणि तीच फॉलो करा. आणि आधी चव घेऊन बघायची असेल तर २०२३ ची इंडोनेशियातली अर्जेंटिना-जर्मनी सेमी शोधून बघा, ३-३, अर्जेंटिनाच्या रुबेर्तोची हॅटट्रिक, त्यातला तिसरा गोल नव्वद मिनिटांनंतरच्या इंज्युरी टाईममध्ये अगदी शिट्टी वाजायच्या तोंडावर, आणि मग पेनल्टीवर जर्मनी. हायलाईट्स नको, पूर्ण मॅच बघा, आणि स्कोअर माहीत असूनही सत्तराव्या मिनिटानंतर उठून चहा करायला गेलात तर मला सांगा.

माझ्याकडून पाचपैकी चार.